दमा असलेल्या मुलांसाठी ड जीवनसत्त्वाची पूरक मात्रा

दमा असलेल्या मुलांना नेहमीच्या औषधोपचाराच्या जोडीला ड जीवनसत्त्व थेंब, गोळी किंवा पुडीच्या रूपाने देणे, हा बालरोगशास्त्रात गेल्या दोन दशकांत वारंवार तपासला गेलेला उपाय आहे. दमेकरी मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व अनेकदा कमी आढळते, या निरीक्षणातून त्याची कल्पना पुढे आली. आरंभीच्या लहान चाचण्यांत तो उपयुक्त वाटला आणि २०१६ व २०१७ मधील एकत्रित विश्लेषणांनी त्या अपेक्षेला बळ दिले. त्यानंतरच्या अधिक काटेकोर चाचण्यांत मात्र दम्याचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही आणि २०२३ च्या कॉक्रेन समीक्षेने आधीचा निष्कर्ष बदलला. आजमितीस ड जीवनसत्त्व हा दम्यावरील उपचार मानला जात नाही. दमा असलेल्या मुलात त्याची कमतरता असेल तर ती हाडांच्या वाढीसाठी भरून काढावी लागते, ही गोष्ट निराळी. या दोन गोष्टींची गल्लत हेच या विषयातील बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

ड जीवनसत्त्वाचे स्वरूप

जीवनसत्त्वांची अ, ब, क, ड ही मराठी नावे इंग्रजी वर्णक्रमाच्या अनुकरणाने रूढ झाली असून ‘ड’ हे त्यांतील चौथे होय. इंग्लंडमधील एडवर्ड मेलनबी यांनी १९१९ च्या सुमारास घरात कोंडून लापशीवर पोसलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना मुडदूस होतो आणि कॉडलिव्हर तेलाने तो टळतो, असे दाखवून दिले. या तेलातील मुडदूस बरा करणारा घटक अ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे अमेरिकेतील एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये सिद्ध केले. स्टेरॉल व जीवनसत्त्वे यांच्या परस्परसंबंधावरील कार्यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

काटेकोर अर्थाने हे जीवनसत्त्व नव्हेच, कारण शरीर ते स्वतः तयार करू शकते. उन्हातील अतिनील-ब किरण त्वचेवर पडले की तेथील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यापासून ड३ बनते. यकृतात त्याचे २५-हायड्रॉक्सी ड मध्ये रूपांतर होते. रक्ततपासणीत मोजला जातो तो हाच प्रकार, कारण तो रक्तात काही आठवडे टिकून राहतो. पुढे मूत्रपिंडात त्याला अंतिम, क्रियाशील रूप मिळते. हे रूप आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यास मदत करते आणि हाडे घट्ट ठेवते. त्याचे वर्तन संप्रेरकासारखे असते.

मात्रा आंतरराष्ट्रीय एककांत, म्हणजे आययूमध्ये मोजतात. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. त्यामुळे औषधाच्या वेष्टणावर मोठे आकडे दिसत असले तरी प्रत्यक्ष द्रव्य अत्यल्प असते. आपल्याकडे सर्वपरिचित असलेल्या ६०,००० आययूच्या पुडीत ते अवघे दीड मिलिग्रॅम असते.

दम्याशी संबंध कसा जोडला गेला

दमा हा श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज राहण्याचा विकार आहे. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साध्या सर्दीच्या विषाणूने ही सूज भडकते, नलिका आकुंचन पावतात व मुलाला धाप लागते. मुलांमधील बहुतेक झटक्यांमागे श्वसनमार्गाचा विषाणुसंसर्ग असतो.

ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप केवळ मूत्रपिंडातच नव्हे तर रोगप्रतिकारक पेशींतही तयार होते, असे कळल्यावर संशोधकांचे लक्ष श्वसनविकारांकडे वळले. या पेशी त्याच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन बनवतात. दाह आटोक्यात ठेवणाऱ्या इंटरल्यूकिन-१० या द्रव्याशीही त्याचा संबंध आहे. लंडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये स्टेरॉइडांना दाद न देणाऱ्या दमेकऱ्यांच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत ड जीवनसत्त्वाच्या सान्निध्यात ठेवल्या, तेव्हा त्या स्टेरॉइडांना पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्या. विषाणूंना अटकाव, दाहाला आवर आणि औषधाचा वाढता परिणाम असे तिहेरी फायदे कागदावर तरी दिसत होते.

लोकसमूहांच्या पाहण्यांतूनही याला दुजोरा मिळाला. कोस्टारिका या विषुववृत्ताजवळच्या, उन्हाची मुळीच वानवा नसलेल्या देशात ६ ते १४ वर्षांच्या ६१६ दमेकरी मुलांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील २८ टक्के मुलांत हे जीवनसत्त्व अपुरे होते आणि ज्यांच्यात ते कमी, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण अधिक होते. उत्तर अमेरिकेतील १,०२४ मुलांच्या २०१० च्या अभ्यासातही असाच कल आढळला.

येथे एक तार्किक अडचण आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वारंवार धाप लागणारे मूल मैदानावर कमी खेळते, घरात जास्त बसते, त्याला ऊन कमी मिळते आणि म्हणून त्याचे ड जीवनसत्त्व कमी होते, असाही अर्थ त्याच आकड्यांतून निघतो. तेव्हा कमतरतेने दमा बळावतो की दम्याने कमतरता होते, हे पाहणीतून ठरत नाही. त्यासाठी मुलांचे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखे दोन गट पाडून एकाला जीवनसत्त्व व दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यावी लागते. अशा चाचण्यांनी पुढे जे दाखवले, ते आरंभीच्या अपेक्षेपेक्षा बरेच वेगळे निघाले.

चाचण्यांचा इतिहास

जपानमध्ये २००८-०९ च्या हिवाळ्यात शाळकरी मुलांना रोज १,२०० आययू देऊन फ्लूवरील परिणाम तपासण्यात आला. त्यात आधीपासून दमा असलेल्या मुलांपैकी जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात २ जणांना आणि प्लासिबो गटात १२ जणांना दम्याचा झटका आला. हा आकडा पुढे पुष्कळ उद्धृत झाला. मात्र ती चाचणी फ्लूसाठी आखलेली होती, दम्यासाठी नव्हे. पोलंडमध्ये ४८ मुलांवरील चाचणीत ब्यूडेसोनाइड या श्वासावाटे घ्यायच्या औषधासोबत रोज ५०० आययू दिले असता सर्दी-पडशामुळे येणारे झटके कमी झाल्याचे २०११ मध्ये नोंदवले गेले.

भारतातील उल्लेखनीय चाचणी हरियाणातील रोहतकची. तेथे मध्यम ते तीव्र दमा असलेल्या १०० मुलांपैकी निम्म्यांना महिन्याला ६०,००० आययूची मात्रा सहा महिने देण्यात आली. जीवनसत्त्व घेणाऱ्या मुलांत झटके, स्टेरॉइडांची गरज आणि तातडीने रुग्णालय गाठण्याचे प्रसंग कमी झाल्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय डॉक्टरांच्या परिचयाचीच मात्रा त्यात वापरलेली होती.

२०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्यांची समीक्षा केली. त्यात मुलांवरील सात चाचण्या होत्या, पण त्या सर्वांत मिळून मुले होती फक्त ४३५. प्रौढांच्या चाचण्या दोनच, तरी त्यांत ६५८ रुग्ण होते. तीव्र झटक्यांचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. मात्र तो प्रामुख्याने प्रौढांच्या माहितीवर आधारलेला असल्याने मुलांना सरसकट लागू करू नये, असा इशारा समीक्षकांनीच दिला होता. २०१७ मध्ये सात चाचण्यांतील ९५५ रुग्णांच्या वैयक्तिक नोंदी एकत्र करण्यात आल्या. तोंडावाटे किंवा शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागेल असे झटके दर माणशी वर्षाला ०.४३ वरून ०.३० वर आल्याचे त्यात दिसले. म्हणजे शंभर रुग्णांमागे वर्षाला ४३ ऐवजी ३०. ज्यांची पातळी १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून कमी होती, त्यांच्यात फायदा सर्वाधिक वाटला, पण असे रुग्ण अवघे ९२ होते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत निष्कर्ष आला. इशारा आणि हा बारीक तपशील आला नाही.

यानंतरची निर्णायक चाचणी अमेरिकेतील सात केंद्रांवर झाली व २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. कायमस्वरूपी दमा आणि ३० नॅनोग्रॅमहून कमी पातळी असलेली ६ ते १६ वर्षे वयाची १९२ मुले तिच्यात होती. सर्वांना फ्लुटिकासोन हे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड चालू होते. निम्म्यांना रोज ४,००० आययू, निम्म्यांना प्लासिबो, असे ४८ आठवडे चालायचे होते. तीव्र झटका जीवनसत्त्व गटात ३७.५ टक्के मुलांना आला आणि प्लासिबो गटात ३४.४ टक्के मुलांना. खरे तर ४०० मुले घेण्याचा बेत होता; परंतु चाचणी पुढे चालवूनही वेगळे उत्तर मिळण्याची शक्यता उरली नाही, असे पाहून ती मध्येच थांबवण्यात आली.

अमेरिकेतील निष्कर्ष भारतीय मुलांना जसाच्या तसा लागू करणे योग्य नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील चाचणीने दिले. तिच्यात दमा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता या दोन्ही गोष्टी असलेली ४ ते १२ वर्षांची २५० मुले घेण्यात आली. रोज १,००० आययू याप्रमाणे नऊ महिने जीवनसत्त्व देण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दमा आटोक्यात राहण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. भारतीय वाचकाच्या दृष्टीने ही चाचणी सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल, कारण मुले भारतीय, कमतरता खरी आणि मात्रा रोजच्या वापरात शक्य होईल अशी होती.

२०२३ मध्ये कॉक्रेनने समीक्षा अद्ययावत केली. या वेळी एकूण २० चाचण्या होत्या. त्यांपैकी १५ चाचण्यांत १,१५५ मुले आणि पाच चाचण्यांत १,०७० प्रौढ. स्टेरॉइड द्यावे लागेल असा झटका येण्याच्या प्रमाणावर ड जीवनसत्त्वाचा परिणाम होत नाही, असा निष्कर्ष निघाला. आरंभीची पातळी कमी असणाऱ्यांतही वेगळे चित्र दिसले नाही. अतितीव्र दम्याचे रुग्ण या चाचण्यांत फार थोडे असल्याने त्यांच्यापुरता प्रश्न खुला ठेवण्यात आला आहे.

गरोदरपणातील मात्रेचाही असाच प्रवास झाला. अमेरिकेत ८७६ गर्भवतींपैकी एका गटाला रोज ४,४०० आणि दुसऱ्याला ४०० आययू देण्यात आले. तीन वर्षांच्या वयापर्यंत दमा किंवा वारंवार घरघर यांचे प्रमाण मुलांत अनुक्रमे २४.३ व ३०.४ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा परिणाम दिसेनासा झाला होता.

निष्कर्ष का बदलला

आधीच्या संशोधकांनी चूक केली, असा याचा अर्थ नाही. लहान चाचण्यांत दोन-चार मुलांच्या फरकानेही मोठा परिणाम भासतो आणि अनुकूल निष्कर्षाच्या चाचण्या प्रसिद्ध होण्याची शक्यता अधिक असते. चाचण्या मोठ्या होत गेल्या तसा हा भास विरत गेला. दुसरे कारण असे की, नव्या चाचण्यांतील मुलांना मूळ औषध नियमित मिळत होते. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडने जेथे दमा बऱ्यापैकी आटोक्यात आला, तेथे जीवनसत्त्वाला करून दाखवायला फारसे काही उरत नाही.

सर्दी-खोकल्याबाबतही अपेक्षा ओसरत गेली आहे. २०१७ च्या विश्लेषणात श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गापासून ड जीवनसत्त्व संरक्षण देते असे दिसले होते; २०२५ च्या अद्ययावत विश्लेषणात हे संरक्षण संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले नाही. काबूलमध्ये तीन हजारांहून अधिक बालकांना दर तीन महिन्यांनी एक लाख आययू देऊनही न्यूमोनिया कमी झाला नाही, हे २०१२ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

भारत आणि महाराष्ट्र

२०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणानुसार भारतात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून कमी पातळी ही त्यात कमतरता धरली होती. काही अभ्यासांत २० किंवा ३० ही सीमा धरल्याने ८०-९० टक्के मुले ‘कमतरताग्रस्त’ ठरतात. तेव्हा असा आकडा वाचताना सीमारेषा कोणती, हे आधी पाहावे.

उन्हाच्या देशात ही कमतरता कशी, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. दिल्लीतील २००२ च्या एका अभ्यासात त्याचे एक उत्तर मिळते. प्रदूषित मोरी गेट भागातील तान्ह्या व रांगत्या मुलांत सरासरी पातळी १२.४ नॅनोग्रॅम, तर तुलनेने स्वच्छ हवेच्या गुडगावात ती २७.१ नॅनोग्रॅम होती. हवेतील धूर आणि धूळ अतिनील-ब किरण वाटेतच अडवतात. तीच दूषित हवा दमाही भडकवते. या दोन विकारांच्या सोबतीमागील आणखी एक कारण येथे दिसते.

महाराष्ट्रात या विषयावरचे बरेच काम पुण्यात झाले आहे. तेथील जहांगीर रुग्णालयाशी संलग्न संशोधन संस्थेतील अनुराधा खाडिलकर व सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील मुली आणि लहान मुले यांच्यातील कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाचा अभ्यास केला. कॅल्शियमयुक्त लाडू आणि सोबत ड जीवनसत्त्व देऊन हाडांवरील परिणाम पाहण्याचा त्यांचा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रमुख लेखिकाही खाडिलकर याच होत. विदर्भात अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ नरेंद्र राठी यांनी २०११ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात बालआरोग्य आणि ड जीवनसत्त्व यांचा आढावा घेतला होता. नव्वदच्या दशकात मुलांमधील दमा व ॲलर्जीची जी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तिच्या भारतातील केंद्रांतही पुण्या-मुंबईबरोबर अकोला होते.

एका गावाचे उदाहरण : सुलतानपूर

ऊन, अन्न आणि हवा यांचा मेळ प्रत्यक्षात कसा बसतो, हे पाहण्यासाठी अकोल्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर हे गाव घेता येईल. लोणार तालुक्यातील हे गाव लोणार-मेहकर रस्त्यावर, सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा दिवस येतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सर्वांत खाली असतानाही भर मध्यान्ही माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा किंचित आखूडच असते. सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके अतिनील-ब किरण मिळतात, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे येथे बाराही महिने हे जीवनसत्त्व उन्हातून मिळणे शक्य आहे. अमेरिकेतील बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते त्वचेत बनतच नाही.

तरीही अडचण राहते ती वेळेची. आपल्याकडे बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवण्याची प्रथा आहे. ती सुखावह खरी, परंतु सकाळी अतिनील-ब किरण फार थोडे असतात. तिरुपती येथील अभ्यासात त्वचेतील निर्मिती सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत सर्वाधिक आढळली. नेमक्या त्या वेळी मुले वर्गात असतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते. आणि वैशाखात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, मुलाला भर दुपारी उन्हात उभे करा असे कोणी सुचवणार नाही. मधल्या सुट्टीतील खेळ आणि हिवाळ्यातील दुपारचा मैदानी तास यांनी बरेच काम भागते.

अन्नातून ही उणीव भरून निघत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी या उत्तम आहारात ड जीवनसत्त्व जवळजवळ नसते. एका अंड्याच्या बलकात सुमारे ४० आययू मिळतात. तेलकट मासे या भागात नित्याचे नाहीत. पिशवीतील दूध आणि खाद्यतेल यांत ते मिसळण्याची मानके अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठरवली आहेत. त्यानुसार अशा दुधात लिटरमागे २०० ते ३०० आययू असते व वेष्टणावर ‘+एफ’ ही खूण असते. गोठ्यातल्या दुधात अर्थातच ही भर नसते.

दम्याला निमित्त पुरवणाऱ्या गोष्टी मात्र शेतीप्रधान गावात पुष्कळ असतात. आश्विनात सोयाबीनची सोंगणी झाली की मळणीयंत्रांची धूळ उडते, चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात, पावसाळ्याअखेर गाजर गवत फुलते, शिवाय डास पळवण्यासाठी धुरी असते. धुरापासून मूल दूर ठेवणे, मळणीच्या वेळी त्याला खळ्यावर न नेणे, हे उपाय कोणत्याही पुडीपेक्षा थेट दम्यावर परिणाम करणारे आहेत.

मात्रा

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तत्त्वांनुसार एक वर्षाखालील प्रत्येक बाळाला रोज ४०० आययू मिळावे, कारण आईच्या दुधात हे जीवनसत्त्व कमी असते. त्यापुढील वयात रोजची गरज ६०० आययू मानतात. दमा असलेल्या मुलाची गरज वेगळी नाही. रक्तातील पातळी २० नॅनोग्रॅमहून अधिक असणे पुरेसे, १२ ते २० अपुरी आणि १२ हून कमी ही कमतरता समजली जाते. कमतरतेवरील उपचाराची मात्रा व मुदत वयानुसार बालरोगतज्ज्ञ ठरवतात.

ज्या मुलांना वारंवार तोंडावाटे स्टेरॉइड घ्यावे लागते, त्यांच्या हाडांवर त्या औषधाचा परिणाम होतो. अशा मुलांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष देणे सयुक्तिक ठरते. येथेही हेतू हाडांच्या रक्षणाचा असतो.

लसीकरणाच्या वेळी नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिले जाणारे पिवळसर औषध हे अ जीवनसत्त्व असते. ते ड समजून पालक निश्चिंत राहतात, असा अनुभव आरोग्यसेविकांना येतो.

अतिमात्रा आणि विषबाधा

ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते व शरीरात साठून राहते. गरजेपेक्षा जास्त झालेले क जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, तसे याचे होत नाही. अतिमात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढते. भूक मंदावणे, उलट्या, बद्धकोष्ठता, वारंवार तहान व लघवी, सुस्ती ही त्याची लक्षणे असून दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडाला इजा होते. निरोगी मुलांसाठी रोजची कमाल सुरक्षित मर्यादा १ ते ३ वर्षे वयात २,५०० आययू, ४ ते ८ वर्षांत ३,००० आणि त्यापुढे ४,००० आययू अशी अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने आखली आहे.

चूक होते ती बहुधा हिशेबात. ६०,००० आययूची एक पुडी म्हणजे रोज ६०० आययूप्रमाणे शंभर दिवसांचा शिधा. आठवड्याला किंवा महिन्याला घ्यायची ही पुडी कोणी रोज देऊ लागले, तर पंधरा दिवसांत नऊ लाख आययू पोटात जातात. हीच मात्रा ५ मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत द्रवरूपातही मिळते आणि ती खोकल्याच्या औषधासारखी चमच्याने रोज पाजली जाण्याची भीती असते. थेंबांच्या बाटल्याही सारख्या नसतात; काहींत एका मिलिलिटरमध्ये ४०० आययू, तर काहींत ८००. बाटली बदलली की वेष्टण पुन्हा वाचणे आवश्यक ठरते. दोन डॉक्टरांकडून दोन नावांनी हेच औषध मिळून मात्रा दुप्पट होण्याचेही प्रसंग घडतात.

दम्याचा मूळ उपचार

मुलांच्या कायमस्वरूपी दम्यावरील मुख्य औषध म्हणजे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, उदाहरणार्थ ब्यूडेसोनाइड. लोकभाषेत त्याला ‘पंप’ म्हणतात. लहान मुलांना तो स्पेसर या नळकांड्याच्या साहाय्याने द्यावा लागतो. झटक्याच्या वेळी साल्ब्युटामॉलचा पंप वापरतात. ही दोन्ही औषधे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. दम्याविषयी जागतिक मार्गदर्शन करणारी ‘जिना’ ही संस्था दमा आटोक्यात ठेवण्यासाठी ड जीवनसत्त्वाची शिफारस करत नाही.

पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, या समजुती ग्रामीण व शहरी दोन्ही भागांत दृढ आहेत. पंपातील स्टेरॉइडच्या सूक्ष्म मात्रेने सवय लागत नाही. दीर्घ वापराने उंचीत थोडी घट होते, हे खरे आहे. अमेरिकेतील पाठपुराव्यात ब्यूडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. आटोक्याबाहेर गेलेल्या दम्याच्या धोक्यापुढे ही किंमत अल्प मानली जाते. २०१९ च्या जागतिक रोगभार अंदाजानुसार भारतात सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांना दमा आहे. जगातील दमेकऱ्यांत हा वाटा साधारण १३ टक्के, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. नियमित पंप न घेणे हे त्यामागील एक मोठे कारण समजले जाते. जीवनसत्त्वाची पुडी निरुपद्रवी आणि पंप मात्र भयावह वाटल्याने पालक पहिली सुरू करून दुसरा बंद करतात, तेव्हा पुडी स्वतः विषारी नसूनही मुलाच्या जिवाला घातक ठरते. डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिली असतील तर जीवनसत्त्व हाडांसाठी व पंप दम्यासाठी, असे पालकांना स्पष्ट सांगितले जाणे इष्ट.

ड जीवनसत्त्वाचा चालू झटक्यावर काहीही परिणाम होत नाही. त्याची पातळी वाढायलाच कित्येक आठवडे लागतात. श्वास घेताना बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, मुलाला एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, किंवा साल्ब्युटामॉल देऊनही आराम न पडणे अथवा थोड्याच वेळात पुन्हा धाप लागणे ही तीव्र झटक्याची लक्षणे होत. अशा वेळी मुलाला बसते ठेवून साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून देत जवळच्या रुग्णालयात न्यावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.